पडद्यावरचा ढग

चित्रपटात प्रत्यक्षात काहीच हलत नसते. सेकंदाला 24 स्थिर चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. हालचाल घडवतो तो आपला मेंदू. भावनेचेही बरेचसे असेच असते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडून दाखवला. त्याच चेहऱ्यात प्रेक्षकांना कधी भूक दिसली, कधी शोक. (पुढील प्रयोगांत हा परिणाम कधी ठळक, तर कधी पुसट आढळला.) म्हणजे निम्मा चित्रपट प्रेक्षक घरूनच घेऊन येतो.

यवतमाळ जिल्ह्यातला प्रेक्षक काय घेऊन येतो? कोरडवाहू कपाशीचा अनुभव. मृगाचा पाऊस पडला की सरकी लावतात. ओल मिळताच बी पाणी शोषून फुगते, त्यातली विकरे कामाला लागतात, साठवलेले अन्न खर्च होऊ लागते. अंकुर फुटला की बी पुन्हा झोपी जाऊ शकत नाही. मग पावसाने दडी मारली तर कोवळे रोप वाळते आणि दुबार पेरणी येते. पुन्हा बियाणे, पुन्हा उसनवारी. ज्याच्या घरी हे घडले आहे, त्याला पडद्यावर नुसता कोरडा ढग पुरतो. व्हायोलिन लागत नाही.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) विदर्भातल्या अशाच शेतकऱ्याचा आहे. शेजाऱ्याच्या आत्महत्येने धास्तावलेली अलका सासूला आणि लहान मुलाला आपल्या नवऱ्यावर, किसनावर, नजर ठेवायला सांगते. किसनाचे लक्ष मात्र आभाळाकडे! या पाळतीचे हसू येते आणि हसता हसता घसा दाटतो. आता रडा, असे चित्रपट सांगत नाही.

फसलेले चित्रपट नेमके हेच सांगत बसतात. प्रेक्षकाला करायला काही ठेवत नाहीत. शिवाय तपशिलात घसरतात. समजा, पेरणीच्या प्रसंगात मागे फुटलेली बोंडे दिसली. ती तर दसरा-दिवाळीच्या सुमारास फुटायची! चूक बारीक, पण आपला प्रेक्षक तिथेच चित्रपटातून उठतो, मग खुर्चीवर बसलेला का असेना.

शहरातल्यांना हे बारकावे कुठे कळतात, असे कोणी म्हणेल. बोंडाचे कळणार नाही, हे खरे. पण घरचे माणूस उशिरापर्यंत परतले नाही की दाराकडे लागणारे डोळे कोणाला ठाऊक नाहीत?

शिक्षकांनी एखादा प्रसंग आवाज बंद करून वर्गाला दाखवावा आणि काय दिसले ते प्रत्येकाला लिहायला सांगावे. शेतकऱ्याच्या मुलाची वही आणि दुकानदाराच्या मुलीची वही शेजारी ठेवून वाचावी.