दोन कायदे

"मामू, मला तबला शिकायचाय."

अकरा वर्षांच्या भाच्याने हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा, हात ताटातच थांबला. आमच्या घरच्या दखनीत ती एवढंच म्हणाली, "लोगां क्या बोलेंगे?"

डिसेंबर २०२४ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन गेले, तेव्हा हीच आपा टीव्हीसमोर डोळे पुसत बसली होती. आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर त्यांचे फोटो येत होते. 'आपल्या कौमचा हिरा', 'एका रात्रीत तीन ग्रॅमी', 'पद्मविभूषण'. दोनच दिवसांनी त्याच ग्रुपवर एका चाचांनी संगीत हराम असल्याचं बयान टाकलं. त्यालाही तेवढेच अंगठे मिळाले. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, असं कुणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. ते आज म्हणतो आहे.

झाकीरभाईंचा जन्म १९५१ चा, मुंबईतला. बालपण माहीममध्ये गेलं. आपल्या लहानपणाबद्दल ते मुलाखतींतून मोकळेपणाने सांगत. जन्मल्यावर बाळाला घरी आणलं, तेव्हा वडिलांनी, उस्ताद अल्लारखाँ यांनी, त्याच्या कानात तबल्याचे बोल म्हटले. आई नाराज झाली. अब्बाजींचं उत्तर असं, की माझी इबादत हीच आहे. पुढे पोराचा दिवस ठरून गेला. पहाटे अंधारात अब्बाजींसमोर रियाज, मग मदरशात कुरआनचं पठण, मग सेंट मायकल शाळेत ख्रिस्ती प्रार्थना. एका सकाळीत हे सगळं. यातलं काही एकमेकांच्या आड येतं, असं त्या पोराला कधी वाटलं नाही.

मक्तबमध्ये गेलेल्या प्रत्येकाला 'कायदा' ठाऊक आहे. अलिफ, बे, ते शिकवणारं ते पातळ पुस्तक बगलेत धरून आपण सकाळी पळत जायचो. तबला शिकणाऱ्या मुलाच्या हातीही लवकरच कायदाच येतो. तिथे कायदा म्हणजे ठरलेल्या बोलांची एक रचना. विस्तार हवा तेवढा करा, पण त्याच बोलांतून. बाहेरचा बोल आत आणायचा नाही. मराठीत कोर्टातला तोही कायदाच. तिन्ही एकाच अरबी शब्दाची लेकरं, अर्थ पाया. 'तबला' हा शब्दही अरबी 'तब्ल'पासून, म्हणजे ढोलापासून आला. ज्या विद्येची भाषाच आपल्या घरातली आहे, ती आपल्याच पोरांना परकी कशी झाली?

झाकीर हुसेन यांना आपण तबलावादक म्हणून ओळखतो. पण ते रचनाकारही होते, आणि ही बाजू आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्याच्यासाठी झाकीरभाईंनी तबला आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाची एक रचना केली. २०१५ मध्ये ती मुंबईत प्रथम सादर झाली. नंतर वाद्यवृंद ती घेऊन स्वित्झर्लंड आणि इंग्लंडला गेला. तिचं नाव 'पेशकार'.

पेशकार म्हणजे एकल तबलावादनाची सुरुवात. वादक सावकाश एकेक बोल मांडतो, जणू मैफलीपुढे हजर होतो. शब्द फारसी, 'पेश' म्हणजे पुढे, समोर. आपल्या इतिहासातल्या 'पेशवा'चं मूळही तेच. पण वादक तबल्यावर पेशकार मांडतो तो मनातून. वाद्यवृंदातले व्हायोलिन, बासरी, ट्रम्पेट वाजवणारे समोरच्या कागदावर लिहिलेलं वाजवतात. या दोन सवयींना एका तालात बसवायचं, म्हणजे दोन्हीकडची शिस्त माहीत हवी. ती झाकीरभाईंनी आयुष्यभर शिकून मिळवली. विशीच्या आतबाहेर असताना ते अमेरिकेला गेले. तिथे शिकवलं आणि शिकलेही. २००६ मध्ये बेला फ्लेक आणि एडगर मायर यांच्याबरोबर नॅशव्हिलच्या वाद्यवृंदासाठी रचना केली. माहीमच्या मदरशात बसलेला पोरगा पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवत होता.

वादक गेला की त्याचा हात त्याच्याबरोबर जातो. रचनेचं तसं नसतं. ती पुढच्या वादकाची वाट पाहते. 'पेशकार'साठी उद्या तबल्यावर कोण बसेल? जो शिकला असेल तो. त्यात आपलं पोर असेल का, हे आज आपल्या घरातल्या जेवणाच्या दस्तरखानावर ठरतं.

आता हरामच्या मुद्द्याकडे येतो. तो टाळून चालणार नाही. संगीताबद्दल उलेमांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत. मनाई करणारे मोठे आलिम आहेत, हे मला माहीत आहे आणि त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर एक पूर्ण प्रकरण लिहिलं आणि अटी घालून त्याला जागा दिली. चिश्ती खानकाहांत समाअ झाला. आपल्या मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन आहेत आणि त्यांच्या आठवणीत तिथे आजही मैफल होते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. त्याच मिरजेत शिकलगार घराण्यांनी हत्यारं सोडून सतारी घडवल्या.

ज्यांना संगीत मान्य नाही त्यांनी जरूर दूर राहावं. तो त्यांचा अकीदा आहे. माझी तक्रार इतरांबद्दल आहे, आणि त्यात मी स्वतःही आलो. घरात पोराला तबल्यापासून अडवायचं आणि बाहेर झाकीर हुसेन यांचं नाव मिरवायचं, हे मला पटत नाही. अभिमान हवा असेल तर रियाजाचा आवाजही घरात सहन करावा लागेल.

शेवटी आपा तयार झाली. मीच भाच्याला क्लासला घेऊन गेलो. गुरुजी प्रेमाने बोलले. बाजूला बसलेल्या एका पालकाने मात्र कुतूहलाने विचारलं, "तुमच्यात चालतं का हे?" राग आला नाही, वाईट वाटलं. जी विद्या उस्तादांच्या घराण्यांनी एवढी जपली, तिच्या दारात आपलं पोर पाहुणं वाटावं, यात त्या गृहस्थांचा दोष थोडा आणि आपला जास्त. आपणच येणं सोडलं.

उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० रोजी गेले. दर वर्षी त्या तारखेला मुंबईत त्यांच्या बरसीचा कार्यक्रम असतो, तोही भल्या पहाटे सुरू होणारा. झाकीरभाईंनी तो वर्षानुवर्षं निष्ठेने केला. या वर्षी भाच्याला घेऊन जायचा माझा विचार आहे. फजर पढून निघालो तर पोहोचू. तुमच्या घरातही कुणी ताटावर बोटं वाजवत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा ऐका आणि गावात तबल्याचा क्लास कुठे आहे त्याची चौकशी करा.