सोय कुणाची, भुर्दंड कुणाला?

तिकीट दोनशे रुपये म्हणून दाखवायचे. प्रेक्षकाने मोबाइलवर खुर्ची निवडली, नाव-नंबर भरला आणि पैसे भरायच्या पानावर आला की हळूच तीस-चाळीस रुपये वाढवायचे. सिनेमा, नाटक, गाण्याची मैफल, क्रिकेटचा सामना, सगळीकडे हाच धंदा चालू आहे. त्याला नाव दिले आहे 'कन्व्हिनियन्स फी', म्हणजे सोयीचे शुल्क. आमचा सवाल आहे, सोय कुणाची झाली? खिडकीवरची माणसे कमी झाली, कागद वाचला, खेळाआधीच पैसे हातात पडले. यात मालकाची सोय किती आणि प्रेक्षकाची किती?

समजा चौघांचे कुटुंब दोनशेची चार तिकिटे काढते. ८०० रुपये झाले. तिकिटामागे ३० रुपयांप्रमाणे १२० रुपये फी आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, २१ रुपये ६० पैसे. बटण एकदाच दाबले, फी मात्र चार वेळा! रेल्वेची आयआरसीटीसीसुद्धा फी घेते. तिकीट रद्द केले तरी ती परत देत नाही, हा अन्यायच आहे. पण ती निदान तिकिटाला एकदाच घेते; साध्या डब्यासाठी १५ रुपये, यूपीआयने भरले तर १०, मग त्यावर दोन प्रवासी असोत की सहा. सिनेमावाल्यांना तेवढीही चाड नाही. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या सिनेमा तिकिटावर जीएसटी ५ टक्के झाला, पण त्याच स्वस्त तिकिटाच्या फीवर १८ टक्के कायम आहे. गरिबाला दिलेली सवलत ही अशी मागच्या दाराने परत घेतली जाते.

महाराष्ट्र शासनाने ४ एप्रिल २०१३ आणि १८ मार्च २०१४ च्या आदेशांनी या फीवर बंदी घातली होती. मल्टिप्लेक्सवाले उच्च न्यायालयात गेले. जुलै २०१४ मध्ये स्थगिती मिळाली आणि १० जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. निकालाचा गाभा नीट समजून घेतला पाहिजे. संविधानाच्या कलम १९ ने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावर जनहितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, पण ते कायद्याने; नुसत्या शासकीय आदेशाने नव्हे. या आदेशांना कायद्याचा आधारच नव्हता. मग अकरा वर्षे मंत्रालय काय करत होते? चित्रपटगृहे आणि करमणूक हा राज्यसूचीतील ३३ व्या नोंदीचा विषय आहे. विधेयक आणायला कुणी अडवले होते? त्या काळात मुख्यमंत्री बदलले, पक्ष फुटले, सरकारे पडली. प्रेक्षकाच्या खिशाची आठवण मात्र कुणालाच झाली नाही.

केंद्राचीही तीच तऱ्हा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ग्राहकाला फसवण्याच्या तेरा तऱ्हा त्यात नोंदवल्या आहेत. आधी कमी किंमत दाखवून शेवटी ती फुगवणे ही त्यातलीच एक. न विचारता बिलात देणगी किंवा विमा घुसवणे ही दुसरी. (देणगी ज्याने त्याने स्वखुशीने द्यायची असते. ती आधीच टिक करून ठेवायचा अधिकार या कंपन्यांना कुणी दिला?) कागदावर सगळे उत्तम. पण जून २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितले की, तुमची तपासणी तीन महिन्यांत तुम्हीच करा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरे काय? भांडवलदारांची पंढरी म्हणवणाऱ्या अमेरिकेतसुद्धा १२ मे २०२५ पासून कार्यक्रमाच्या तिकिटाची, सक्तीच्या शुल्कासह, एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवणे बंधनकारक झाले आहे.

राज्य सरकारने येत्या अधिवेशनात विधेयक आणावे. पहिल्याच पानावर पूर्ण किंमत, फी घ्यायचीच तर व्यवहाराला एकदाच आणि खिडकीवर फीविना तिकिटांचा राखीव वाटा, एवढे तरी त्यात असलेच पाहिजे. तोवर आमच्या वाचकांनी पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून ठेवावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तीस रुपयांसाठी कोण भांडतो, या हिशेबावरच हा धंदा उभा आहे.