हिशेबनीसाने विकत घेतलेले रेडिओ केंद्र



चळवळीत वक्त्याला मान असतो, शाहिराला टाळ्या असतात. खजिनदार बिचारा मंडपाच्या मागच्या बाजूला पावतीपुस्तक आणि पत्र्याची पेटी घेऊन बसलेला असतो. त्याच्या गळ्यात हार पडलेला आम्ही तरी क्वचितच पाहिला आहे. म्हणून या आठवड्याचे सदर आम्ही एका हिशेबनीसाला देत आहोत. तो आपला नव्हे, अमेरिकेतला आहे. पण त्याचे काम वाचल्यावर तो परका वाटणार नाही.

त्याचे नाव जेसी ब्लेटन. जन्म १८९७ सालचा, ओक्लाहोमा राज्यातला. १९२२ मध्ये तो जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात आला. त्या काळी दक्षिण अमेरिकेत काळ्या माणसाला पाण्याचा नळ वेगळा, शाळा वेगळी, बसमध्ये बसण्याची जागा मागची. आपल्या वाचकांना हे उलगडून सांगण्याची गरज नाही. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, ब्लेटन जॉर्जियातला पहिला काळा सर्टिफाइड पब्लिक अकौंटंट झाला. म्हणजे आपल्याकडचा सी. ए. म्हणा ना. पुढे तो अटलांटा विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवू लागला. याच विद्यापीठात १९३४ ते १९४४ या काळात डॉ. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस प्राध्यापक होते. काळ्यांच्या प्रश्नाचा अर्ज संयुक्त राष्ट्रसंघापुढे जाणार असल्याचे कळले तेव्हा १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागविल्या, तेच हे द्यु बॉइस.

आता मूळ गोष्ट. १९४९ साली ब्लेटनने अटलांटातील एक लहानसे रेडिओ केंद्र पन्नास हजार डॉलर्सना विकत घेतले. केंद्राचे नाव डब्ल्यू. ई. आर. डी. शक्ती अवघी एक हजार वॅट. संपूर्ण अमेरिकेत काळ्या माणसाच्या मालकीचे हे पहिले रेडिओ केंद्र होय.

यात मालकी हा शब्द महत्त्वाचा आहे. काळ्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम करणारी केंद्रे दुसरीकडे सुरू झाली होती. मेम्फिस शहरातील डब्ल्यू. डी. आय. ए. या केंद्रावर १९४८ पासून काळे निवेदक बोलत होते आणि लोक त्यांच्यावर जीव टाकत होते. पण ते केंद्र गोऱ्या मालकांचे होते. आवाज आपला, गल्ला दुसऱ्याचा. काय बोलायचे, किती बोलायचे, कोणाला रागावायचे नाही, हे शेवटी गल्ल्यावर बसणाराच ठरवतो. ज्याचा जन्म जमाखर्च पाहण्यात गेला त्या ब्लेटनला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

नव्या पिढीसाठी थोडे यंत्राचे सांगतो. हे ए. एम. केंद्र होते, म्हणजे ज्याला आपण मीडियम वेव्ह म्हणत असू तो पट्टा. आज मोबाइल हातात घेऊन बसणाऱ्या मुलांना तो ठाऊक नाही. आपल्या चाळींतून ‘कामगार सभा’ याच पट्ट्यावर ऐकली जायची आणि रेडिओचे लायसन्स पोस्टात जाऊन भरावे लागायचे. या लहरी दिवसा जमिनीच्या आधाराने जातात आणि थोड्या अंतरावर थकतात. रात्री मात्र आकाशाच्या वरच्या थरावर आपटून परत येतात आणि शेकडो मैल जातात. म्हणून तर रात्री काटा जरा हलला की मराठीच्या जागी भलत्याच मुलखाची भाषा ऐकू यायची. एकमेकांत घोटाळा होऊ नये म्हणून अमेरिकेत अशा अनेक लहान केंद्रांना रात्री शक्ती कमी करण्याची, काहींना तर सूर्य मावळला की बंद करण्याची अट असे. एक हजार वॅटमध्ये सारा देश ऐकत नाही. एक शहर ऐकते. पण ज्यांच्याशी बोलायचे ते त्याच शहरात राहत असतील तर आणखी काय पाहिजे?

ब्लेटनने केंद्राचा कारभार आपल्या मुलाकडे दिला आणि काळे निवेदक नेमले. शिकागोहून आलेला जॅक गिब्सन हा त्यांत सर्वांत गाजला. लोक त्याला ‘जॉकी जॅक’ म्हणत. गाणी होती, चर्चमधील भजने होती, बातम्या होत्या आणि आपल्या वस्तीचे प्रश्न आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकण्याची सोय होती. श्रोत्याकडून एक पैसा घ्यायचा नाही, जाहिरातीवर केंद्र चालवायचे, हा तेथील धंद्याचा प्रकार. अटलांटाच्या ज्या ऑबर्न अव्हेन्यूवर हे केंद्र होते तेथे काळ्यांची स्वतःची बँक होती, विमा कंपनी होती, स्वतःचे दैनिक होते. रेडिओ केंद्र एकटे आकाशातून पडले नव्हते. आधी बँक, पेढी, दुकान उभे राहिले होते. आमच्या सभांतून हा भाग नेहमी गाळला जातो, म्हणून मुद्दाम लिहिले.

केंद्र ज्या इमारतीत होते ती प्रिन्स हॉल मेसन या काळ्यांच्या बंधुसंघाची इमारत. १९५७ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स ही संघटना स्थापन झाली, आणि तिची कचेरी याच इमारतीत थाटली गेली. वर रेडिओ, खाली चळवळ. असे सांगतात की डॉ. किंग यांना तातडीने काही जाहीर करायचे असले की ते झाडूच्या दांड्याने छताला ठोकत. वरचा निवेदक समजून जाई, चालू गाणे थांबवी आणि वायर लावलेला मायक्रोफोन खिडकीतून खाली सोडी. डॉ. किंग आपल्या कचेरीतूनच बोलत आणि सारे शहर ऐके.

या झाडूच्या दांड्याचा आम्ही बराच विचार केला. वर मालक दुसरा असता तर? आधी अर्ज, मग वेळ, मग भाषणाची प्रत दाखवा, मग त्यातली दोन वाक्ये गाळा. तोवर मोर्चा निघून गेलेला असता. आणि अशा कामाला लागणारी किंमत पाहा. एक झाडू! बाकीची किंमत ब्लेटनने १९४९ साली मोजून ठेवली होती.

याच डॉ. किंग यांची आपल्याशी असलेली एक गाठ येथे सांगितली पाहिजे. १९५९ साली ते भारतात आले होते. केरळातील एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख विद्यार्थ्यांना ‘अमेरिकेतील एक अस्पृश्य बंधू’ अशी करून दिली. शाळेतील पुष्कळ मुले पूर्वास्पृश्य घरांतली होती. पहिल्यांदा आपण चमकलो, नाराजही झालो. पण मग आपल्या लोकांची स्थिती डोळ्यापुढे आली आणि होय, आपण अस्पृश्यच आहोत, असे मनाशी म्हटले, हे त्यांनी ४ जुलै १९६५ रोजी अटलांटातील आपल्या चर्चमध्ये स्वतः सांगितले. ते चर्चही ऑबर्न अव्हेन्यूवरच आहे.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे डॉ. किंग यांचा खून झाला. त्याच वर्षी ब्लेटनने केंद्र विकले. नव्या मालकांनी नाव बदलले. १९७७ मध्ये ब्लेटन वारला. एकोणीस वर्षे केंद्र चालले, हे कमी नव्हे. आमची कितीतरी नियतकालिके एकोणीस अंक निघण्याआधी बंद पडली आहेत.

दुसरे एक केंद्र मात्र अजून बोलते आहे. ते शिकागोचे डब्ल्यू. व्ही. ओ. एन. १९६३ मध्ये लिओनार्ड आणि फिल चेस या पोलंडहून आलेल्या ज्यू भावांनी ते सुरू केले. नावातील अक्षरांचा अर्थ होता ‘निग्रोंचा आवाज’. त्या वेळी हाच शब्द चालत असे. पुढे त्याच अक्षरांचा अर्थ ‘राष्ट्राचा आवाज’ असा करण्यात आला. तेथे वेस्ली साउथ नावाचा पत्रकार रात्री ‘हॉट लाइन’ हा कार्यक्रम करी. श्रोत्याने फोन करायचा आणि आपले म्हणणे मांडायचे. नुसते ऐकणारा माणूस बोलता झाला, हे या प्रकारच्या रेडिओचे वैशिष्ट्य.

मालकी हातोहात फिरत गेली. १९७९ मध्ये याच वेस्ली साउथने पर्विस स्पॅन या जुन्या निवेदकाला बरोबर घेऊन जुन्या लहरीवर परवाना मिळविला. तोही अर्धा! एकच लहर दोन केंद्रांनी वाटून घ्यायची, दिवसाचे काही तास यांचे, काही तास त्यांचे. चाळीतल्या नळाला जशी पाण्याची वेळ, तशी यांच्या बोलण्याला वेळ. १९८६ पासून त्यांनी गाणी बाजूला ठेवून बोलण्यावर भर दिला. गाण्यासाठी लोक एफ. एम.कडे वळले होते, आणि बोलण्याला आवाज स्वच्छ नसला तरी चालतो. २००६ मध्ये हे केंद्र दहा हजार वॅटच्या दुसऱ्या लहरीवर गेले आणि चोवीस तास बोलू लागले. बराक ओबामा शिकागोत राजकारण करीत होते, तेव्हा या केंद्रावर येऊन लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देत असत.

शिकागोची आणखी एक नोंद. १९८२ मध्ये तेथे काळ्या मतदारांची नावे यादीत घालण्याची मोठी मोहीम झाली. तिच्या जाहिराती काळ्यांच्या रेडिओवर लागत, आणि त्यांचा खर्च केसांचे तेल-प्रसाधन बनविणाऱ्या एका काळ्या उद्योजकाने उचलला. लाखाच्या वर नवी नावे चढली. १९८३ मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे शिकागोचे पहिले काळे महापौर निवडून आले. आपल्या वस्त्यांत नावे यादीतून गळतात, आणि मतदानाच्या दिवशी आपण केंद्रावर जाऊन भांडतो.

आता आपल्याकडे वळू. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. म्हणून बाबासाहेबांनी स्वतःचे पत्र, स्वतःचा छापखाना यांवर आयुष्यभर घाम गाळला. रेडिओ मात्र सरकारचा होता, त्यामुळे तेथे आपले काही चालण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांचा आवाज लहरींवरून गेला. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपली तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतल्याचे सांगितले. मे १९५६ मध्ये बी. बी. सी.वरून त्यांनी बौद्ध धम्म आपल्याला का प्रिय आहे ते सांगितले: प्रज्ञा, करुणा आणि समता. पाच महिन्यांनी नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली.

आकाशातील लहरी ही सरकारची नव्हे तर जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना लहान रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. तिचा लाभ कोणी घेतला? बिदरपासून जवळच, तेलंगणात झहिराबादच्या बाजूला माचनूर नावाचे खेडे आहे. तेथील दलित शेतमजूर भगिनींनी १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. परवाना मिळण्याआधी सुमारे दहा वर्षे त्या कार्यक्रम टेपवर भरून संघाच्या बैठकीत वाजवीत होत्या. बियाणे, भाकरीची ज्वारी, बाळंतपण, मजुरी, जुनी गाणी, सारे आपल्या बोलीत. ज्यांना शाळेने अक्षर दिले नाही त्या बाया यंत्र चालवतात. आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही हे सांगितले तेव्हा एक ताई म्हणाल्या, “दहा वर्षं टेपच लावत बसल्या? आपण दोन महिन्यांत भांडलो असतो.” सर्व हसल्या. मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

आमचे तरुण म्हणतील, आता मोबाइलवर फुकट चॅनेल काढता येते, परवाना कशाला? काढावे. अवश्य काढावे, पुष्कळांनी काढली आहेत आणि चांगली चालवली आहेत. परंतु त्या चॅनेलची जागा दुसऱ्याच्या कंपनीची आहे. एका सकाळी ती बंद झाली तर दाद कोणाकडे मागणार? जयंतीच्या वर्गणीतून आपण दरवर्षी भाड्याच्या भोंग्यावर किती खर्च करतो याचा आकडा आमच्या वस्तीत आम्ही काढून पाहिला. पाच वर्षांच्या भाड्यात स्वतःचा उत्तम ध्वनिसंच आणि आवाज भरण्याचे साहित्य आले असते. या वर्षी तो ठराव बैठकीत मांडला आहे. विरोध आहे. स्वतःच्या वस्तूला कपाट लागते, किल्ली लागते, आणि किल्ली कोणाकडे ठेवायची यावर गाडे अडले आहे. दोन सह्यांशिवाय कपाट उघडायचे नाही आणि साहित्याची नोंदवही दर पौर्णिमेला विहारात सर्वांसमोर वाचायची, अशी सूचना आम्ही केली आहे.

एक विनंती. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी बाबासाहेबांचे रेडिओवरील भाषण, किंवा ६ डिसेंबर १९५६ ची ती बातमी, कोणाच्या दारात, कोणत्या हॉटेलात उभे राहून ऐकली, हे कधी सांगितले असेल तर आठवेल तसे लिहून पाठवावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे नातवंडांनी मोबाइलमध्ये भरून घ्यावे, आणि सुरुवातीला नाव, गाव व तारीख म्हणायला सांगावे.