कूलर घ्यायचाय? आधी खिडकी उघडा!

नागपुरात ‘कूलर घ्यायचाय’ म्हटलं की समोरचा लगेच वाळ्याच्या ताट्या, टाकी आणि मोटर यावर बोलायला लागतो. गेल्या उन्हाळ्यात मी घरात हे वाक्य टाकलं तेव्हा आईचंही तेच झालं. ‘आपला जुना चांगला चालते की!’ मग सांगावं लागलं, की हा कूलर खिडकीत नाही, पीसीच्या प्रोसेसरवर बसतो आणि त्याला आठ हजार रुपये लागतात. आठ हजार म्हणजे नववी-दहावीच्या पोरांची चार महिने घेतलेली शिकवणी. आई काही बोलली नाही. पैसे माझेच होते, त्यामुळे चूकही माझीच.

झालं असं, की ॲनिमेशनचं सबमिशन तोंडावर होतं. ब्लेंडरमध्ये रेंडर लावला की पंखा विमानासारखा ओरडायचा आणि प्रोसेसरचं तापमान ९० अंशांवर जाऊन बसायचं. माझा प्रोसेसर रायझन ५ ५६००. त्याची कमाल मर्यादाच ९० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे पीसी जळत नाही, पण रेंडर रांगायला लागतो. मी यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहिले, काचेतून चमकणारे सात रंग पाहिले आणि सरळ २४० मिमीचा लिक्विड कूलर उचलला. बसवला, कॅबिनेट पुन्हा कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या कप्प्यात सरकवलं, रेंडर लावला. अर्ध्या तासात आकडा पुन्हा ८०च्या वर!

आई चहा द्यायला आली होती. टेबलाखाली वाकून तिने कप्प्यात हात घातला. ‘अरे, बंद खोलीत कूलर लावते का कोणी? हवा बाहेर जाईन कुठून बाप्पा?’

बस. हीच गोष्ट आठ हजारांआधी कळायला हवी होती. खिडकीतला कूलर लावताना समोरचं दार किलकिलं ठेवायचं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. प्रोसेसरचा कूलर, मग तो हवेचा असो की लिक्विड, उष्णता संपवत नाही. तो फक्त ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकतो. टॉवर कूलरच्या तांब्याच्या नळ्यांत थोडासा द्रव असतो. तो प्रोसेसरजवळ वाफ होतो, वर पत्र्यांच्या गठ्ठ्यात थंड होऊन पुन्हा खाली येतो आणि पंखा त्या पत्र्यांतली उष्णता हवेत ढकलतो. लिक्विड कूलरमध्ये हेच काम पंप आणि रेडिएटर करतात. पण दोन्हींचा शेवट हवेतच! ती हवा कॅबिनेटमध्ये, कप्प्यात, बंद खोलीत अडकली तर सात रंग काय करणार?

मी कॅबिनेट कप्प्यातून काढून स्टुलावर ठेवलं. त्याच खोलीत, त्याच रेंडरला तापमान दहा अंशांहून जास्त उतरलं. खर्च शून्य. मग हट्टाने प्रोसेसरसोबत आलेला जुना कूलर काढला, दोन वर्षांची धूळ ब्रशने झाडली, नवी थर्मल पेस्ट लावून तोच बसवला. रेंडर पूर्ण झाला आणि आकडा ९०ला शिवला नाही. आवाज होता, पण काम झालं. लिक्विड कूलरचा बॉक्स तेव्हा पलंगावर पडला होता, माझ्याकडे बघत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. कॉलेजातल्या बहुतेक पोरापोरींना लिक्विड कूलर लागत नाही. निम्म्यांना तर नवा कूलरच लागत नाही. जागा मोकळी करा, धूळ काढा, पेस्ट बदला आणि आठवडाभर थांबा. एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर टाकून काम चालू असताना आकडे बघा. तरीही वेग पडत असेल किंवा आवाजाने रूममेट उशी फेकून मारत असेल, तर खुशाल कूलर घ्या. फक्त आधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

पहिला : प्रोसेसर किती वॅट खातो? इथे बरेच जण फसतात, कारण इंटेलच्या प्रोसेसरला दोन आकडे असतात. कोअर आय५ १२४०० वर ६५ वॅट वाचून आपण खूश होतो, पण जोर लावल्यावर त्याची मर्यादा ११७ वॅट असते. मोठा आकडा बघा. अशा प्रोसेसरला चार नळ्यांचा, १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर पुरतो. कूलर मास्टरचा हायपर २१२ किंवा डीपकूलचा एके ४०० ही त्यातली ओळखीची नावं. लिक्विडच्या किमतीशी तुलना केली तर हे अगदीच खिशातलं काम.

दुसरा : तो बसेल का? एके ४०० ची उंची १५५ मिमी, तर नॉक्टुआच्या दोन टॉवरवाल्या एनएच-डी१५ची १६५ मिमी. हा एक सेंटिमीटर कॅबिनेटचं झाकण लागणार की नाही ते ठरवतो. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती वाचा. रॅम उंच असेल तर पंखा तिला अडतो का तेही बघा. आणि सॉकेट! एएम४ चे बरेचसे कूलर एएम५ वर बसतात. पण इंटेलच्या २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० सॉकेटला वेगळं ब्रॅकेट लागतं. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात जुना कूलर घेताना हे विचारलं नाही, तर घरी येऊन स्क्रू हातात धरून बसावं लागतं.

तिसरा : तुमची खोली किती तापते? परदेशी रिव्ह्यू एसीत, वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. विदर्भात मे महिन्यात दुपारी पंख्याखालीही ३८ असतात. कोणताही साधा कूलर, हवेचा किंवा लिक्विड, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १५ अंशांनी गरम, तर प्रोसेसरही ढोबळमानाने तेवढाच गरम. त्यामुळे रिव्ह्यूतला ‘खोलीपेक्षा किती अंश जास्त’ हा आकडा शोधा आणि त्यात आपल्या खोलीचं तापमान मिळवा. पुण्याच्या आणि चंद्रपूरच्या मुलाने एकच व्हिडिओ बघून एकच कूलर घेण्यात अर्थ नाही.

‘मग लिक्विड कूलर काय फक्त शोसाठी असतात का?’ असं कोणी विचारेल. अजिबात नाही. कोअर आय९ १४९००के जोर लावल्यावर २५३ वॅटपर्यंत जातो. त्याला ३६० मिमीचा रेडिएटर किंवा दोन टॉवरवाला दणकट एअर कूलरच हवा. पण तो प्रोसेसर आपल्यापैकी किती जणांकडे आहे? शिवाय लिक्विडमध्ये पंप असतो. तो बंद पडला की बहुतेक वेळा अख्खा कूलर बदलावा लागतो. एअर कूलरमध्ये बिघडला तर पंखा बिघडतो, आणि नवा १२० मिमीचा पंखा काही शे रुपयांत मिळतो. वॉरंटी संपल्यावर नोकरी लागलेली असेलच, याची खात्री आहे का तुम्हाला?

आणि घेतलाच, तर नीट बसवा. कूलरच्या तळाला चिकटवलेलं पारदर्शक प्लास्टिक काढा. हसू नका, कित्येक जण विसरतात. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरे. पंख्याची हवा मागच्या जाळीकडे जाऊ द्या. एएम४ वरचा जुना कूलर काढण्याआधी पीसी थोडा वेळ चालवा, मग बंद करून, प्लग काढून, कूलर हलकेच पिळत सोडवा. नाहीतर पेस्टला चिकटून प्रोसेसर पिनांसकट वर येतो. सुट्टीत पीसी एसटीने गावी नेताना जड टॉवर कूलर काढून ठेवा, किंवा कॅबिनेट आडवं झोपवा. खड्ड्यांत तो मदरबोर्डवर लटकत हिंदकळला, तर नुकसान कूलरपेक्षा महाग पडेल.

मी तो लिक्विड कूलर शेवटी दोन हजारांचं नुकसान सोसून एका सिनियरला विकला. त्याच्याकडे खरंच तापणारा प्रोसेसर आहे. आलेल्या पैशांत एक साधा टॉवर कूलर आणि पुढे जाळी असलेलं कॅबिनेट आलं. या मेमध्येही रेंडर रात्रभर चालतो आणि शेजारच्या खोलीत आई झोपू शकते. कॅबिनेट अजूनही स्टुलावरच आहे. टेबलाच्या त्या कप्प्यात आता आईने पापडांचे डबे ठेवलेत.