आईची सही आणि लेकाचं ‘साइन’

इंदूरच्या आपल्या घरांतून ‘सही’ हा शब्द मागे पडत चाललाय. माझा लेक म्हणतो, “आजी, इथे साइन कर ना.” त्याचंही चूक नाही. हिंदीत ‘सही’ म्हणजे बरोबर आणि ‘हस्ताक्षर’ म्हणजे सही. आपल्याकडे हस्ताक्षर म्हणजे अक्षराचं वळण. शाळेत एक, घरी दुसरं. त्यापेक्षा पोरांना ‘साइन’ सोपं.

हे ‘साइन’ मूळचं लॅटिन ‘सिग्नम’. अर्थ खूण, फौजेचं निशाण, शिक्क्यावरची मुद्रा. तिथून ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. सिग्नल, सिग्नेचर, डिझाइन, एवढंच काय, मोहोरेला म्हणतात ते ‘सील’सुद्धा त्याच कुळातलं. म्हणून दुकानाची पाटी, रस्त्यावरचा बाण, आजाराचं लक्षण आणि पत्रिकेतली रास, सगळंच ‘साइन’. लिहिता न येणारे लोक तिकडे कागदावर क्रूस काढत. आपल्याकडची ‘निशाणी डावा अंगठा’ तीच. थोडक्यात, साइन म्हणजे खूण.

आपली ‘सही’सुद्धा काही घरची नाही. ती अरबी ‘सहीह’वरून आली. पण तिचा अर्थ बरोबर, खरं. म्हणजे सही करणारा नुसती खूण करत नाही, ‘हे बरोबर आहे’ असं सांगतो.

हा फरक मला आईने शिकवला. बाबा गेल्यावर रामबागेतल्या घराच्या कागदांसाठी एका कचेरीत गेलो होतो. तिथला माणूस म्हणाला, “माताजी, बस यहाँ साइन कर दीजिए.” आईने चष्मा मागितला. मागे रांग होती. मीच वैतागून म्हणालो, “अगं, कर ना पटकन!” ती म्हणाली, “वाचल्याशिवाय सही कशी होईल रे?” आणि उभ्या उभ्या तिने पानन् पान वाचलं. तिने स्वतःचा हिस्सा सोडल्याचं एक वाक्य तिसऱ्या पानावर होतं. आमच्यापैकी कुणीच तसं सांगितलेलं नव्हतं. कागद परत करून घेतला. मला मात्र आजही त्या ‘पटकन’ची लाज वाटते.

साइन म्हणू नका, असं मी म्हणत नाही. इतक्या पिढ्या इथे काढल्यावर भाषेत सरमिसळ होणारच. पण घरात ‘सही’ जिवंत ठेवा, आणि पोरांना तिचा अर्थ सांगा. आणि आई-वडिलांपुढे कागद ठेवताना पेनाआधी चष्मा द्या.