पहिली वेलांटी कोण सांभाळणार?

फ्रीलान्स ग्राफिक डिझाइन करायचं ठरवलेल्या मुलामुलींच्या हातात सुरुवातीलाच एक यादी पडते. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन, कोरलड्रॉ, फिग्मा, कॅन्व्हा, आणि आता वाक्य लिहिलं की चित्र काढून देणारी नवी साधनं. यादी वाढतच जाते आणि क्लासवाले तिच्या लांबीवरून फी ठरवतात. तिच्यात देवनागरी मात्र नसते. मला ही उणीव फार मोठी वाटते. सांगली, लातूर, जळगावात बसलेल्या नवख्या डिझायनरकडे पहिलं काम येतं ते बहुधा मराठीच : लग्नपत्रिका, दुकानाचा फ्लेक्स, शिकवणीचं हँडबिल, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल.

आणि तिथंच ती किंवा तो अडतो. मोबाइलवर टाइप करून आलेला मजकूर फोटोशॉपमध्ये किंवा इनडिझाइनमध्ये आणला की 'किल्ला' शब्दातली वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षराचा पाय मोडून मध्येच हलन्त दिसू लागतो. उपाय दोन मिनिटांचा आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत सेटिंगमध्ये मजकुरासाठी आणि इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी' हा पर्याय निवडायचा असतो. हा पर्याय ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण एकेक अक्षर हातानं सरकवत रात्री घालवतात, किंवा तुटलेलं तसंच छापायला देतात.

दुसरी अडचण जुनी आहे. देवनागरी 1991 पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून, युनिकोडमध्ये आहे. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखलेला 'मंगल' फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी पोचला त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. तरी अनेक छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या प्रणालींचे जुने फॉन्ट आणि कोरलच्या जुन्या आवृत्त्या चालतात. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की नुसती रोमन चिन्हं दिसतात आणि कन्व्हर्टरमधून काढला तरी एखादं जोडाक्षर हमखास गळतं. म्हणून मजकूर इकडून तिकडे नेला की मुद्रितं पुन्हा वाचावीच लागतात. 'दऱ्या'चं 'दर्या' तर झालं नाही ना, हे पाहावंच लागतं. छापखान्यातला माणूस "फाइल कर्व्ह करून पाठव" म्हणतो त्याचं कारणही हेच : त्याच्याकडे तुमचा फॉन्ट नसतो. कर्व्ह केल्यावर, म्हणजे अक्षरांच्या वक्ररेषा झाल्यावर, मजकूर दुरुस्त करता येत नाही, तेव्हा आपली उघडी फाइल वेगळी जपून ठेवायची. या गोष्टी शिकायच्या तर आठवडाभर एखाद्या छापखान्यात बसावं. रंग आरजीबीतून सीएमवायकेत गेला की का मळतो आणि कडेला तीन मिलिमीटर ब्लीड का सोडायचं, हे तिथं एका फुकट गेलेल्या कागदावरून कळतं.

साधनं विकत घेण्याची घाई मात्र करू नये. ॲडोबीनं 2013 मध्ये वर्गणीची वाट धरली तेव्हापासून फोटोशॉपसारखी त्यांची साधनं म्हणजे कायमचा मासिक खर्च आहे, आणि ज्याची मिळकत अजून सुरू व्हायची आहे त्याला तो जड जातो. क्रॅक केलेली प्रत हा त्यावरचा मार्ग नव्हे. ती चोरी आहे, आणि तिच्यासोबत संगणकात काय शिरतं याचा भरवसा नाही. इंकस्केप आणि गिम्प मोफत आहेत. मुंबईच्या एक टाइपनं केलेले 'मुक्ता' आणि 'बलू' हे देवनागरी फॉन्टही मोफत आहेत आणि धंद्याच्या कामात वापरायला परवानगी आहे. एक साधन वर्षभर हाताळावं, त्यातच पन्नास कामं करावीत. हात बसला की दुसरं साधन शिकणं फार अवघड जात नाही, कारण थर, वक्ररेषा, ग्रिड, अंतरं यांचं ज्ञान सोबत येतं. चित्र काढून देणारी नवी साधनंही जरूर शिकावीत, पण त्यांनी चित्रात लिहिलेलं मराठी अनेकदा चुकतं. अक्षरं आपणच बसवावीत.

अक्षराची नजर कशी कमवायची, हे सांगताना मला अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांच्या जाहिरातींतली नावं आठवतात. नाटकाचा स्वभाव नावाच्या वळणातच दिसायचा, आणि ते सगळं हातानं केलेलं. त्या जाहिरातींची कात्रणं समोर ठेवून रोज अर्धा तास हातानं अक्षरं काढणं हे कुठल्याही ट्यूटोरियलइतकंच महत्त्वाचं शिक्षण आहे.

पैशाचं थोडक्यात. काम सुरू करण्याआधी निम्मी रक्कम घ्यावी, किती बदल करून देणार ते लिहून द्यावं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. ती असली की 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार ग्राहकाला काम स्वीकारल्यापासून फार तर 45 दिवसांत पैसे चुकते करावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. आणि कोटेशनमध्ये 'मराठी अक्षरजुळणी व मुद्रितशोधन' अशी वेगळी ओळ लिहून तिच्यापुढे वेगळी रक्कम मांडावी. हे पैसे कशाचे, असं ग्राहक विचारील. तेव्हा त्याच्याच चौकातला वेलांट्या तुटलेला फ्लेक्स त्याला दाखवावा, आणि रक्कम कमी करू नये.