पोलिसाच्या हातातली बॅटरी

भारतवारी ठरली की घरोघरी याद्या सुरू होतात. चॉकलेटं, आजोबांसाठी रक्तदाबाचं यंत्र, आणि नात्यात कुणी पोलीस खात्यात असेल तर हमखास एक फर्माईश : "तिकडून एक दणदणीत बॅटरी आणा." (बॅटरी म्हणजे विजेरी, तिच्यात घालतात ते सेल. आपला हा शब्दकोश जर्मनीत येऊनही बदलत नाही!) गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला तिघांनी विचारला, म्हणून या वेळचा लेख त्यावरच.

बहुतेक जण दुकानात खोक्यावरचा लुमेनचा आकडा बघतात आणि सगळ्यात मोठा असेल ती उचलतात. पण लुमेन म्हणजे एकूण उजेड किती, एवढंच. तो कुठे पडतो ते कॅन्डेला सांगतं. बागेला पाणी घालताना नळ तेवढाच सुटलेला असतो, पण पाइपाचं तोंड बोटानं दाबलं की धार लांब जाते. लुमेन म्हणजे नळाचं पाणी, कॅन्डेला म्हणजे धार.

ही धार साधण्याच्या विद्येत आपल्या न्युरेम्बर्गचा वाटा मोठा आहे. इथल्या सिगमुंड शुकर्टने १८७३ साली छोटी कार्यशाळा काढली आणि १८८० च्या दशकात काचेचे पॅराबोला आकाराचे आरसे घासून सर्चलाइट बनवायला सुरुवात केली. १९०३ साली हा कारखाना सीमेन्सशी जोडला गेला. आजच्या विजेरीतला चकचकीत वाडगा म्हणजे त्याच आरशाचा धाकटा भाऊ. वाडगा खोल आणि रुंद असेल तर झोत लांब जातो. उथळ किंवा खडबडीत असेल तर उजेड पसरतो.

चांगल्या कंपन्यांच्या खोक्यावर छोट्या चित्रांची एक रांग असते. ती २००९ साली अमेरिकेत ठरलेल्या 'एफएल १' या मानकाप्रमाणे. त्यातला '२०० मीटर' हा आकडा वाचून भुलू नका. जिथे उजेड पाव लक्सवर येतो, तिथपर्यंतचं ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. चांदण्यात समोर माणूस उभा आहे एवढं कळतं. त्याच्या हातात मोबाइल आहे की सुरा, ते कळत नाही. आणि पोलिसाला नेमकं तेच कळायला हवं, तेही पहिल्या क्षणात. तिथे चूक झाली तर कुणाचा तरी जीव जातो, मग तो पोलिसाचा असो नाहीतर समोरच्या निरपराध माणसाचा.

थोडं गणित करू. २०० मीटरच्या विजेरीची धार दहा हजार कॅन्डेलाची. अंतर दुप्पट हवं तर धार चौपट लागते, म्हणजे चाळीस हजार. उलट, तीच दहा हजारांची विजेरी तीस मीटरवर अकरा लक्स देते. तेवढ्यात हात दिसतात. गस्तीला आणि नाकाबंदीला एवढी धार पुरेशी, मात्र मधल्या झोताभोवती थोडा पसरट उजेडही हवा, नाहीतर बाजूला उभा असलेला दुसरा माणूस अंधारातच राहतो. घराच्या झडतीत अतिप्रखर झोत उलटा अंगाशी येतो. पांढऱ्या भिंतीवरून तो आपल्याच डोळ्यांत परततो, आणि अंधाराला सरावलेले डोळे एकदा दिपले की पूर्ववत व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट बटणाची. बटण शेपटीला हवं, अंगठ्याने दाबेपर्यंत चालू आणि सोडलं की बंद. पहिल्या दाबाला पूर्ण उजेड यायला हवा. मंद, मध्यम, लुकलुक असे पाच खेळ दाबत बसायला लावणारी विजेरी ट्रेकला ठीक, ड्यूटीवर नको. आकार डाव्या हाताच्या मुठीत मावणारा असावा, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि ही कुणी विचारत नाही. स्वस्त एलईडीच्या निळसर उजेडात लाल रंग मातकट दिसतो. पंचनाम्यात डाग रक्ताचा वाटतो की गंजाचा, पळालेली गाडी लाल होती की तपकिरी, हे पुढे कोर्टापर्यंत जातं. खोक्यावर 'सीआरआय ९०' किंवा जास्त असेल तर चार लुमेन कमी चालतील.

सेलचं म्हणाल तर १८६५० हा आकडा घाबरवणारा आहे, पण अर्थ सोपा : १८ मिलीमीटर जाड, ६५ लांब. या आकाराच्या सेलवर ९९०० एमएएच छापलं असेल तर सरळ खोटं समजा. खरा सेल साडेतीन-चार हजारांच्या वर जात नाही. ज्याची नेमणूक आडगावी असेल, त्याला टपरीवर मिळणारे साधे पेन्सिल सेल चालणारी विजेरी जास्त उपयोगी. आपल्या पावसाळ्यासाठी 'आयपीएक्स ७' बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी. आयपीएक्स ४ म्हणजे नुसते शिंतोडे.

आता 'दणदणीत' या शब्दाबद्दल. चार-पाच सेलची जड धातूची विजेरी काठीसारखीही वापरता येते, म्हणून अनेकांना आवडते. २००४ साली लॉस एंजेलिसमध्ये एका पोलिसाने पकडलेल्या माणसाला अशाच विजेरीने मारलं आणि ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर २००७ मध्ये तिथल्या पोलीस दलाने मुद्दाम छोटी, हलकी विजेरी आणली. काठीसारखी वापरताच येऊ नये हा एक हेतू, पण उजेडही चांगला मिळाला. आपल्या गावातल्या त्सेपेलिनफेल्डवर १९३० च्या दशकात शंभराहून अधिक सर्चलाइट आकाशात रोखले जात, ते लोकांना दिपवायला. पोलिसाच्या हातातला उजेड बघायला असतो, दिपवायला किंवा मारायला नव्हे.

खरेदीआधी दोन सूचना. शॉक देणारी, विजेरीच्या वेषातली यंत्रं जर्मनीत बेकायदा आहेत. बंदुकीवर बसवायचे दिवेही सामान्य नागरिकाला ठेवता येत नाहीत. दुकानदार परदेशी वेबसाइटवरचा असला तरी पकडले जाल तुम्ही. आणि विमानात सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत, प्रत्येक वेगळ्या डबीत. चेक-इनच्या बॅगेत मुळीच नाही.

देताना एवढंच करा. भाच्याला रात्री अंगणात न्या, तीस पावलांवर कुणाला तरी हातात काहीतरी धरून उभं करा आणि बटण दाबून विचारा, "काय दिसतंय?" बरोबर उत्तर पटकन आलं, तर विजेरी चांगली.